दातांचा कौल

माणसाचे दात पडायला लागले की किस्से उगवायला लागतात, असं माझं ठाम मत आहे. माझे सध्या एकूण नऊ शिल्लक आहेत, त्यावरून किश्श्यांचा अंदाज तुम्हीच करा! आमच्या मॅट्रिकच्या वर्गातल्या आम्ही तिघीचौघी अजून मालवणच्या आसपास आहोत. दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी पडली, की कोणाच्या तरी अंगणात, खळ्यात जमतो. एकीने गजाल काढली की दुसरी म्हणते, "गो, ता तसा नाय, आयक!" आणि तीच गजाल ती वेगळी सांगते. अशाने एकीच्या चार होतात. साठ वर्षं हा उद्योग चालू आहे, आता घरात ठेवायला जागा नाही.

पण सगळ्यांत जास्त ज्या उगाळल्या जातात, त्या दातांच्या डॉक्टरांच्या. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता आणि मुंबईला जायचं तर बोटीने. ज्याच्या दाताला तोपर्यंत सुपारीशिवाय कोणी हात लावला नव्हता, अशा गावात दातांचे डॉक्टर आले!

* * *

प्रार्थना झाल्यावर हेडसरांनी सांगितलं, "सोमवारी मुंबईहून दंतवैद्य येणार आहेत. प्रत्येकाची तपासणी होईल आणि प्रत्येकाला निकालाचं कार्ड मिळेल."

झालं! तपासणी आणि निकाल हे दोन शब्द एकत्र आले की आमचे हातपाय गार पडायचे. गुरू म्हणून आमच्या वर्गात एक वाह्यात कार्टं होतं. तो उभा राहिला.

"सर, किती मार्कांची?"

हेडसर मुलखाचे मिस्कील. चेहरा जराही न हलवता म्हणाले, "बत्तीस."

आम्ही ते खरंच धरलं की हो! मग आठवडाभर अभ्यास. कोणी कोळसा, कोणी मीठ, कोणी आंब्याचं पान. बबनने तर किनाऱ्यावरची वाळू घेऊन दात घासले, हिरड्या सुजल्या आणि दोन दिवस पेजेवर राहिला. वत्सला माझी मैत्रीण, बाकावर माझ्या शेजारी बसायची. रविवारी संध्याकाळी ती रडत माझ्याकडे आली.

"काय झालं गो?"

"जिभेन मोजलंय. चार खेपे मोजलंय. अठ्ठावीसच भरतत!" हुंदके आवरेनात तिचे. "परीक्षेआधीच माझे चार मार्क गेले!"

* * *

डॉक्टर बोट टाळून एसटीने, कसालला गाडी बदलून आले. बरोबर दोन ट्रंका आणि एक पायाने चालवायचं मशीन, शिंप्याच्या मशीनसारखं. शाळेच्या मागच्या पडवीत खुर्ची मांडली. तिथून समोर खाडी दिसते, खाडीपलीकडे देवबाग, आणि त्यापलीकडे समुद्र.

माझं अक्षर चांगलं म्हणून कार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं. कार्डावर दातांच्या दोन कमानी छापलेल्या, वरची आणि खालची. किडलेल्या दातावर फुली मारायची. उजवी-डावी असं काही छापलेलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी आधीच बजावलं.

"हे चित्र समोर बसलेल्या माणसाचं आहे, बरं का. त्याची उजवी बाजू ती कार्डावर तुझ्या डाव्या हाताला येते. नीट लक्षात ठेव."

मी मान हलवली. पहिली दहा-बारा कार्डं जपून लिहिली. मग हाताला सवय झाली आणि डोकं मोकळं झालं. लवंगतेलाचा वास, मशीनची घरघर, पडवीत सरकत येणारं ऊन. डॉक्टर बोलायचे, हात लिहायचा, आणि मी खाडीवर. एखादी होडी इतकी हळू जायची की ती जाते आहे की पाणीच मागे सरतंय ते कळायचं नाही. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी काय बजावलं होतं हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. हात मात्र बरोबर लिहीत होता.

बाहेर रांगेत वेगळीच घालमेल. एक जण तपासून बाहेर आला की दहा जण त्याला गाठायचे.

"काय इचारल्यान रे?"

"कायच नाय. तोंड उघड म्हणता."

"आणि उत्तर?"

"उत्तर तोच सांगता!"

"अरे मगे पेपर सोपो आसा!"

शेवटी भिकू आला. भिकू देवबागचा. रोज होडी वल्हवत शाळेत यायचा, पुस्तकं डोक्यावर बांधून. त्याचा मामा मुंबईला मालाच्या आगबोटीवर होता आणि मामाचं पत्र आलं होतं: परीक्षा झाली की मुंबईची बोट धर, मी तुला आगबोटीवर लावून देतो. भिकूच्या आईला ते मुळीच नको होतं. तिचं म्हणणं, मास्तरकीचं ट्रेनिंग घे, ह्याच गावात नोकरी कर, चार माणसांत राहा. भिकूचं ठरत नव्हतं. पावसाआधी बोटी बंद होतात, त्याच्या आत मामाला हो किंवा नाही कळवायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, "दोन दाढा किडल्यात. मुंबईला गेलास की भरून घे."

"गेलंय तर," भिकू म्हणाला.

मी दोन फुल्या मारल्या. हाताला सवय झाल्यावर एवढं एकच कार्ड मी खाडीकडे न बघता लिहिलं.

* * *

कार्डं वाटली तेव्हा बबनचं कार्ड कोरं होतं. वाळूने घासण्याचा गुण! पण घरी हाहाकार. दुसऱ्या दिवशी बबनची आई पदर खोचून हेडसरांसमोर उभी.

"सर, शेजारच्या पोरांच्या कार्डार दोन दोन, तीन तीन फुल्यो आसत. माझ्या झिलाच्या कार्डार कायच कित्या नाय? ह्यो काय वर्गात नसता?"

"अहो बाई, कोरं कार्ड म्हणजे उत्तम."

"कोरा म्हणजे उत्तम?"

"सर्वांत उत्तम! बबनचं कौतुक करायला हवं."

बबनच्या आईने पदर सोडला, परत खोचला.

"मगे सर, सहामाईक ह्याचो गणिताचो पेपर असोच कोरो होतो. तेवा ह्येका छडी कित्या मारलात?"

* * *

ही बातमी वर्गात पोचेपर्यंत वत्सलाचा रुबाब विचारू नका. तिच्या कार्डावर अकरा फुल्या होत्या, शाळेत सगळ्यांत जास्त. सकाळभर ती कार्ड वाऱ्यावर धरून हिंडत होती. मधल्या सुट्टीत खरं काय ते कळलं आणि तिचा चेहरा पडला.

त्यात हेडसरांनी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला कोऱ्या कार्डवाल्यांना पुढे बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. वत्सलाला ते काही सहन झालं नाही. सरांशी शुद्ध बोलायचं असतं हेही ती विसरली.

"सर, माझ्या बापाशीचा खाज्याचा दुकान आसा. घरात गूळ, खाजा, लाडू भरान आसतत. ज्येंचे दात बरे आसत, त्येंका घरात काय खावक गावता ता पैला इचारा!"

टाळ्या थांबल्या. बबन दुसऱ्या दिवशी खिशात गुळाचा खडा घेऊन आला आणि सगळ्यांना दिसेल असा दिवसभर चघळत बसला.

* * *

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चार-पाच जणांचे दात काढले. फार काही नाही, जे अगदीच हलत होते ते. त्यांत गुरूची एक दाढ. ती पांढऱ्या वाटीत पडली तसा गुरू खुर्चीतून उठला आणि तोंडात कापूस असतानाच हात पुढे केला.

"माझी दाढ माका व्हयी."

"काय करणार तिचं?"

"नळ्यार टाकतलंय. नवी येवक व्हयी मा?"

दुधाचे दात घराच्या छपरावर, मातीच्या नळ्यांवर टाकायची आमच्याकडे रीत. टाकला नाही तर नवा येत नाही म्हणतात. डॉक्टरांनी त्याला समजावलं, "बाळ, ह्या वयात काढलेली दाढ पुन्हा येत नसते. मी इतकी वर्षं दात काढतोय, एकही परत आलेला पाहिला नाही."

गुरूने त्यांच्याकडे दयेने पाहिलं.

"मुंबैत येवची नाय. थंय घरांका नळे खंय आसत?"

डॉक्टर इतके हसले की हातातला चिमटा खाली ठेवावा लागला. दाढ त्यांनी कागदात बांधून दिली. गुरूने ती शाळेच्याच नळ्यांवर फेकली. त्यानंतर कितीतरी दिवस भूगोलाच्या तासाला तो जीभ त्या फटीत घालून वरच्या वाशांकडे बघत बसायचा. मी विचारायची, "इली?" तो म्हणायचा, "वाट बगतंय." बाहेर समुद्राचा आवाज, आत सरांचा आवाज, आणि आम्ही कोणीही कुठल्याच आवाजाकडे लक्ष देत नव्हतो. सुखाचे दिवस होते, दुसरं काय म्हणू!

* * *

आता कौलाचं. आमच्याकडे घरातलं काही ठरेनासं झालं की देवाला कौल लावतात. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार. डावीकडची पडली तर नकार.

एका मधल्या सुट्टीत गुरू झाडाखाली उताणा पडून आपलं कार्ड उन्हात धरून बघत होता. एकदम उठून बसला.

"सुलू, हे दात नायत गो! ह्यो पाकळ्यो! देवान आमका सगळ्यांका कौल दिलेलो आसा!"

उजवीकडे फुली असेल तर मनातलं होणार, डावीकडे असेल तर नाही होणार. दोन्हीकडे असेल तर देवाचं अजून ठरायचं आहे. आधी थट्टाच होती हो. पण एका मुलीच्या कार्डावर उजवीकडे फुली होती आणि त्याच आठवड्यात तिच्या बहिणीचं लग्न जमलं. मग काय! सगळा वर्ग कार्डं घेऊन माझ्यामागे. कार्ड प्रत्येकाच्या हातातच होतं, डोळे प्रत्येकाला होते, पण लिहिणारीनेच वाचलं पाहिजे असा हट्ट. पुष्कळांना तर आपला दात किडलाय हेच कार्डावरून कळलं होतं. मी वर्गाची गुरव झाले. कार्ड हातात धरायची, डोळे मिटायची, आणि माझ्या उजव्या-डाव्या हाताप्रमाणे निकाल सांगायची.

वत्सलाने नवऱ्याचं विचारलं, "माका घो कसो गावतलो?" तिच्या अकरा फुल्या चारी बाजूंना.

माझ्याआधी गुरूच म्हणाला, "देवाक तुझ्याबद्दल अकरा शंका आसत."

संस्कृतचे सर ह्या सगळ्यावर फार चिडायचे. अंधश्रद्धा म्हणून त्यांनी आम्हाला अर्धा तास झापलं. आणि तास संपल्यावर मला हळूच व्हरांड्यात बोलावलं. डॉक्टरांनी शिक्षकांनाही तपासलं होतं. सरांनी आपलं कार्ड पुढे केलं.

"जरा बघतेस? कणकवलीला बदली मागितलीय. घर तिकडे आहे ना माझं."

कार्डावर मीच लिहिलेला एक शब्द होता: कवळी. वरची, खालची, सगळीच. मागून गुरूचा आवाज आला.

"सरांचो कौल कसो लागतलो? ह्येंचो देव वाटीत निजता!"

* * *

भिकू सगळ्यांत शेवटी आला. शाळा सुटली होती. त्याने कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

"माझो सांग."

काय विचारायचंय ते मला ठाऊक होतं, अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. आगबोट की मास्तरकी. मी कार्ड उचललं. दोन्ही फुल्या माझ्या डाव्या हाताला.

"डावो," मी म्हटलं. "दोनय डाव्यो."

"दोनय?"

"व्हय."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरा," आणि कार्ड खिशात घालून होडीकडे गेला.

चार दिवसांनी त्याने मामाला पत्र टाकलं: येत नाही, मास्तरकीचं ट्रेनिंग घेतो. त्याच्या आईला कार्डाची गजाल कुठून तरी कळली. तिने डॉक्टरांना पोचवायला म्हणून शाळेत पाच नारळ पाठवले. हेडसर नारळांकडे बघत म्हणाले, "दोन दाढा किडल्याचा एवढा आनंद मी पहिल्यांदाच बघतोय!"

आनंद मलाही झाला होता. आता ह्या वयात लपवून काय करायचंय? मला तो जायला नको होता. त्याच्याशी सगळी मिळून दहा वाक्यं बोलले असेन, पण सकाळी खाडीवर त्याची होडी दिसली की मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा. त्या आठवड्यात मी गणितातही पास झाले.

* * *

मग एका सकाळी काकीने कौल लावला. विहीर परसात खणायची की पुढल्या दारी, ह्यावर काका आणि ती सहा महिने भांडत होती. परसात खणू का, असं तिने गुरवाला विचारायला सांगितलं. मी आणि माझी धाकटी बहीण बरोबर गेलो. देवळात अजून गारवा होता, तेलाचा आणि ओल्या फुलांचा वास भरून राहिला होता. मला तिथे नेहमी झोप यायची. गुरवाचं गाऱ्हाणं लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं.

पाकळी पडली. बहीण ओरडली, "उजवी पडली! काकी, उजवी!"

गुरव हसला. "बाये, ती तुझी उजवी. देव तुझ्यासमोर तोंड करून बसलो आसा मा? देवाची ती डावी."

काकीने तोंड वाकडं केलं, सगळे हसले. माझी झोप मात्र खाडकन उडाली. समोर बसलेल्या माणसाचं चित्र. त्याची उजवी ती तुझी डावी. डॉक्टरांचं ते वाक्य दीड महिन्याने माझ्या कानात आलं.

हाताने सगळी कार्डं बरोबर लिहिली होती. तोंडाने सगळी उलटी वाचली होती. बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. वर्गातल्या त्या मुलीच्या बहिणीचं लग्न उलट्या कौलावर जमलं होतं आणि छान चाललं होतं. वत्सलाच्या अकरा शंका उलट्या केल्या तरी अकराच. पण भिकूला देवाने दोनदा हो म्हटलं होतं आणि मी त्याच्या हातात नकार ठेवला होता.

* * *

आठ दिवस मी गप्प बसले. स्वतःची खूप समजूत घातली. दात ते दात, त्यात कसला कौल! सर नाहीत का म्हणत, अंधश्रद्धा म्हणून? आणि त्याची आई किती खूश आहे! सांगून कोणाचं भलं होणार? मास्तर होईल, गावात राहील, सकाळी होडी दिसेल. असं सगळं जुळवून ठेवायची, आणि मग मुंबईची बोट बाहेरून जाताना भोंगा द्यायची. तो भोंगा ऐकला की मला जेवण जायचं नाही.

भिकूच्या प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर आगबोटी काढलेल्या असायच्या. धुराड्यांसकट, दोरखंडांसकट, फार हौसेने काढायचा. परीक्षेच्या आधी मी त्याच्याकडून इतिहासाची वही मागून घेतली. शेवटची दोन पानं नीट फाडून टाकलेली होती. ती जागा बघून मला रडू आलं. वत्सलाने विचारलं काय झालं, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं.

ती एवढंच म्हणाली, "आताच चल. फाल्या तुझो धीर जातलो."

तेव्हा मुलीने एकटीने जाऊन मुलाशी बोलायची सोय नव्हती, म्हणून वत्सला बरोबर आली आणि माडाखाली लांब उभी राहिली. दुपारची वेळ, खाडी भरत आली होती. भिकू होडीतलं पाणी करवंटीने उपसत होता. मी चिखलात चपला रुतवत त्याच्यासमोर उभी राहिले आणि एका दमात बोलले.

"भिकू, तुझो कौल डावो नव्हतो. उजवो होतो. कार्ड समोरच्या माणसाचा आसता, ता मी इसारलंय. दोनय फुल्यो उजव्योच. तुका देवान जा म्हणान सांगलेला, आणि मी तुका नको सांगलंय. चूक माझी. अजून बोटी बंद झाल्यो नायत. मामाक आजच पत्र घाल."

त्याने करवंटी खाली ठेवली. मला वाटलं आता हा रागावणार, नाहीतर उडी मारून नाचणार. माझी दोन्हीची तयारी करून झाली होती. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, त्या दिवशी कार्ड सोडून बघत राहिला होता तसाच. मग त्याने उजव्या गालावर बोट ठेवलं.

"सुलू, तीन म्हयने ह्यो दोनय दाढो ठणकतत. जेवक देणत नाय, निजाक देणत नाय. त्यो खंयच्या बाजूक आसत, ता माका तुझ्या कार्डावरसून कळूचा होता काय गो?"

त्याने होडी पाण्यात लोटली, आत चढला आणि वल्हं मारायला लागला.

वत्सला धावत आली. "गो, काय म्हणालो?"

"कायच नाय," मी म्हटलं. "दात दुखतत म्हणता."